एक भिंत, दोन घरे

जुन्या औरंगाबादेतली गल्ली असो की सिडकोतली रो-हाऊसची रांग, आपल्या घरांतली बैठक बहुतेक एकाच मापाची निघते. दहा बाय बारा. नशीब चांगले असेल तर दहा बाय चौदा. एका भिंतीला दिवाण, समोर शोकेस, त्याच्या वर मक्का-मदिनेची तसबीर, आतल्या दाराला पडदा. याच खोलीत पाहुणे बसतात, दस्तरखान पडतो, दहावीची मुलगी अभ्यास करते आणि इशानंतर दादीची गादीही इथेच पडते. आता याच खोलीत सहा खोकी घेऊन होम थिएटर येते.

ते येऊ नये असे आमचे म्हणणे नाही. कोणी त्यावर हरम शरीफची तरावीह ऐकतो, कोणी क्रिकेट बघतो, कोणी सिनेमा. काय ऐकावे आणि काय ऐकू नये यावर प्रत्येक घराचे आपले मत असते आणि तो विषय आलिम मंडळींचा. आमचा आजचा प्रश्न साधा आहे. ही खोकी ठेवायची कुठे? हे काम इलेक्ट्रिशियनचे आहे असे समजून आपण ते त्याच्यावर सोडतो, आणि तो बिचारा जिथे खिळा आधीच आहे तिथे स्पीकर लटकवून निघून जातो. पण रो-हाऊसमध्ये बैठकीची एक भिंत जितकी आपली असते तितकीच ती शेजाऱ्याची असते. तिच्या पलीकडे कोणाची तरी उशी असते. म्हणून ही जागा घरातल्या माणसांनी, डोके शांत ठेवून ठरवायची.

आधी खरेदीविषयी दोन शब्द. पैठण गेटहून गुलमंडीकडे जाताना दुकानांत खोक्यांवर मोठमोठे आकडे दिसतात. हजारो वॅट, आणि पुढे बारीक अक्षरांत पीएमपीओ. त्या आकड्याला काहीही अर्थ नाही. विचारायचे ते ‘आरएमएस किती?’ एवढेच. तो आकडा पुष्कळ लहान असतो आणि लहान खोलीला तो पुरतो. स्पीकरला दिलेली ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. दहा बाय बाराच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोहोचायला हजार वॅट लागत नाहीत. ते लागतात गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचायला, आणि तिथे आपले काही काम नसते.

आमचे तर सरळ मत आहे की खोली दहा फुटांपेक्षा लहान असेल तर पाच स्पीकरांच्या नादी लागूच नये. पुढचे दोन चांगले स्पीकर, जमल्यास मधला एक, बस्स. त्याच पैशात वस्तू जास्त चांगली येते. पण मुले ऐकत नाहीत आणि मामू दुबईहून ५.१ चा संच घेऊनच येतात, हेही खरे. तर तो आलाच आहे असे धरून पुढे जाऊ.

या ५.१ मधले पाच म्हणजे पुढे डावा, मधला, उजवा आणि बाजूचे दोन. बिंदूनंतरचा एक म्हणजे सबवूफर, जो फक्त जाड आवाज देतो. खोक्यावरच्या चित्रात सोफा खोलीच्या मधोमध असतो आणि चारी बाजूंनी मोकळी जागा. असे घर आम्ही अजून शहरात पाहिलेले नाही. आपला दिवाण भिंतीला टेकलेलाच असणार. तरीही चित्रातला नियम कामाचा आहे. पुढचा डावा, पुढचा उजवा आणि बसणारा माणूस यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे. दिवाणापासून टीव्ही सात फुटांवर असेल तर ते दोन स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फूट लांब हवेत आणि त्यांची तोंडे किंचित आत, बसणाऱ्याकडे वळलेली. बहुतेक घरांत ते शोकेसच्या कप्प्यात, टीव्हीला चिकटून कोंबलेले असतात. कप्प्यात ठेवलेला स्पीकर मडक्यात तोंड घालून बोलणाऱ्या माणसासारखा वाजतो. कप्प्यातच ठेवायचा असेल तर निदान कडेवर, पुढे सरकवून ठेवावा.

उंचीबाबत आपल्या घरांचा हिशेब परदेशी पुस्तकांपेक्षा वेगळा आहे. स्पीकरमधली बारीक आवाज देणारी लहान चकती कानाच्या उंचीला असावी, हा नियम. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतो. पण आपल्याकडे निम्मे घर खाली जाजमावर, तक्क्याला टेकून बसते, आणि मांडी घातलेल्या माणसाचा कान जेमतेम सव्वादोन-अडीच फुटांवर येतो. दोघांना एकच स्पीकर पुरवायचा तर तो तीन फुटांच्या आसपास ठेवावा आणि तोंड जरासे खाली झुकवावे. छताजवळ, पडद्याच्या दांडीशेजारी लटकवलेले स्पीकर लग्नाच्या मांडवात शोभतात. टीव्हीचेही तेच. तो इतका उंच टांगतात की बघताना मान अवघडते.

बाजूचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या थोडे मागे हवेत, पण मागे तर भिंत आहे. मग ते दिवाणाच्या दोन्ही अंगांना, बाजूच्या भिंतींवर, कानापेक्षा फूट-दीड फूट वर लावावेत आणि त्यांचे तोंड थेट कानाकडे न ठेवता समोरासमोर ठेवावे. नाहीतर दिवाणाच्या टोकाला बसणाऱ्याला फक्त तोच एक स्पीकर ऐकू येतो. एक बाजू सामायिक भिंतीची असेल तर त्या बाजूचा स्पीकर भिंतीला स्क्रूने न ठोकता उभ्या स्टँडवर ठेवायचा. भिंतीला जोडलेला स्पीकर भिंतीलाच बोलायला लावतो, आणि भिंत दोन्हीकडे बोलते.

हे झाल्यावर टेप घेऊन प्रत्येक स्पीकरपासून बसायच्या जागेपर्यंतचे अंतर मोजा आणि यंत्राच्या मेनूत भरा. ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, म्हणजे एका फुटाला साधारण एक मिलिसेकंद. अडीच फुटांवरचा बाजूचा स्पीकर आणि सात फुटांवरचा पुढचा यांचे आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर पडतात. अंतर भरले की यंत्र जवळच्याला तेवढे थांबवून धरते. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण संच लावून वर्ष झाले तरी ते न केलेली घरे आम्हाला माहीत आहेत. तारा जोडताना लाल-काळ्याची अदलाबदल झाली नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. दोन्हींपैकी एका स्पीकरची तार उलटी लागली की जाड आवाज गायब होतो आणि बोलणारा कुठे आहे तेच कळत नाही.

आता दादीकडे येऊ, कारण घरात आवाज वाढतो तो बहुतेक तिच्या नावावर. दादी म्हणते, ‘आवाज आता है बेटा, समझता नहीं.’ नातू आवाज आणखी वाढवतो आणि दादी कानावर हात ठेवते. आम्ही भाषेचे शिक्षक, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. बोलण्यातले स्वर, आ, ओ, ऊ, हे जाड आणि जोरकस असतात. शब्दाचा अर्थ ज्यांच्यावर उभा असतो ती व्यंजने, स, श, फ, त, बारीक आणि कमजोर असतात. वय झाले की कान आधी बारीक आवाज सोडून देतो. उर्दूत ज्याला शीन-काफ दुरुस्त असणे म्हणतात, त्यातला शीन ऐकणाऱ्याच्या कानातूनच निघून गेलेला असतो. अशा वेळी सगळा आवाज वाढवला की जाड आवाज आणखी वाढतात आणि उरलासुरला शीनही झाकून टाकतात.

उपाय उलटा आहे. बोलणे जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येते. तो टीव्हीच्या बरोबर खाली, कडेवर, तोंड दादीच्या गादीकडे करून ठेवावा. मेनूत फक्त त्याचा आवाज ३-४ डेसिबलने वाढवावा, सबवूफर उतरवावा. बहुतेक यंत्रांत रात्रीसाठी एक सोय असते. ती मोठे आवाज दाबते आणि हळू बोलणे वर आणते. ती चालू करावी. त्याउपर ‘हॉल’, ‘स्टेडियम’ अशा नावांची बटणे असतात ती बंद करावीत. किरात ऐकताना पुष्कळ लोक ती मुद्दाम लावतात, घुमारा येतो म्हणून. पण त्या घुमाऱ्यात कारीचा मद्द कुठे संपला आणि वक्फ कुठे झाला ते कळेनासे होते. तिलावतीला पुढचे दोन स्पीकर पुरेत, कोणतेही बटण न लावता.

घुमारा ही जागेची देणगी असते, ती बटणातून येत नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला आपण सुतार का झोपडा म्हणतो, उभे राहून कोणी एक स्वर लावला तर तो दगडी कमानींत किती वेळ फिरत राहतो ते ऐकून पाहावे. विजापूरचा गोल घुमट तर यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथल्या वरच्या सज्जात कुजबूजही पलीकडे पोहोचते. मशिदीतला मेहराब हे याच विद्येचे शहाणे उदाहरण. इमामसाहेबांचे तोंड भिंतीकडे असते, पाठ सफांकडे. लाऊडस्पीकर नव्हते तेव्हा त्या अर्धगोल कोनाड्यावर आदळलेला आवाज मागच्या रांगांकडे परतायला मदत होत असे. म्हणजे भिंत आवाज परत देते. प्रश्न एवढाच, की तो कुठे आणि किती परत यावा.

आपल्या बैठकीत तो फारच येतो. खाली चकचकीत टाइल्स, चारी बाजूंना ऑइलपेंट, वर स्लॅब. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर बारीक झणझण ऐकू आली तर भिंती एकमेकींशी आवाज खेळत आहेत असे समजा. त्यावरचा इलाज आपल्या घरातच आहे. वॉलेस सॅबिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाला १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहातला घुमारा घालवायचे काम मिळाले, कारण वर्गात शिकवलेले ऐकूच येत नव्हते. त्याने काय केले? शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मोजमाप करायचे आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या. जितक्या गाद्या जास्त तितका घुमारा कमी, हे त्याने आकड्यांत मांडले आणि सभागृहांच्या ध्वनीचे शास्त्र तिथून सुरू झाले. आपल्याकडे गाद्या, रजया, गोधड्या भरपूर. त्या कुठे लावायच्या एवढेच शोधायचे.

त्यासाठी आरसा लागतो. एकाने नेहमीच्या जागी बसावे, दुसऱ्याने लहान आरसा बाजूच्या भिंतीला सपाट धरून स्पीकरच्या उंचीवरून सरकवत न्यावा. बसणाऱ्याला आरशात पुढचा स्पीकर जिथे दिसेल, तिथून आवाज उसळून कानावर येतो. तिथे जाड पडदा, रजई किंवा पुस्तकांनी भरलेले शेल्फ आले पाहिजे. खाली जाजम किंवा जाड सतरंजी. खिडकीचा पडदा जाळीचा न ठेवता जाड आणि चुण्यांचा. मुलांना हा आरशाचा खेळ फार आवडतो आणि आठवीत शिकलेले परावर्तन तिथेच पाठ होते.

मात्र एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवले की पलीकडे आवाज जात नाही, असे पुष्कळ लोक समजतात. फोम खोलीतली झणझण कमी करतो. पलीकडे जाणारा आवाज अडवत नाही. आवाज अडवते ते वजन. नऊ इंची विटेची भिंत बोलणे बऱ्यापैकी अडवते, अर्ध्या विटेची कमी. दोन्ही घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले असतील तर त्या भोकातून सगळेच जाते. आणि सबवूफरचा जाड आवाज भिंतीला फारसा जुमानत नाही. पन्नास-साठ कंपनांच्या आवाजाची लाट वीस फूट लांब असते. तिला दहा फुटांची खोली म्हणजे अर्धी लाट. ती दोन भिंतींमध्ये अशी अडकते की भिंतीशी धडधड आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ काही नाही. म्हणूनच मधे बसलेला मुलगा म्हणतो बेस येत नाही, नॉब फिरवतो, आणि भिंतीपलीकडच्या भाभीच्या पलंगाला हादरे बसतात. चौकोनी, दहा बाय दहाच्या खोलीत तर हे दोन्ही बाजूंनी एकाच सुरात होते.

कोपरा हा सबवूफरला सगळ्यात जोरात वाजवतो, आणि आपल्याकडे तो हटकून कोपऱ्यातच असतो, वर फुलदाणी ठेवून. त्याची जागा शोधायची एक गमतीदार पण खरी युक्ती आहे. सबवूफर उचलून बसायच्या जागी ठेवा, एकसारखा जाड आवाज लावा आणि आपण जमिनीवर, भिंतीच्या कडेने, रांगत फिरा. जिथे आवाज ना फुगलेला ना बसलेला, सारखा लागेल, तिथे सबवूफर ठेवायचा. तरुण मुलाला हे काम द्यावे. फक्त सामायिक भिंतीची बाजू या फेरीतून आधीच वगळावी. खाली जाड रबराचे तुकडे द्यावेत, म्हणजे फरशीतून हादरा कमी जातो. गोधडीही चालते, पण सबवूफरचे तोंड खालच्या बाजूला असेल तर नको.

कायदाही माहीत असावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. खासगी घरातल्या यंत्राचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असू नये. पण शेजारी कायद्याने झोपत नाही. या शहरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात. ज्याची रात्रपाळी असते त्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते आणि तेव्हा कायदा आपल्या बाजूने असतो. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये ज्या आग्रहाने सांगितला आहे, त्यात घड्याळाचा उल्लेख नाही.

आमच्याच रांगेत हे घडले. एका घरात मुलाने अम्मीसाठी संच आणला, ऐकू कमी येते म्हणून. हेतू नेक होता. शेजारचे भाईजान रात्रपाळीचे. ते बोलले नाहीत. दोन घरांत वीस वर्षांचे येणे-जाणे, बोलणार कसे? फक्त त्या वर्षी ईदला शीरखुर्म्याचा डबा लहान मुलाच्या हाती आला, ते स्वतः आले नाहीत. अम्मींनी डबा घेतला आणि मुलाला विचारले, काय झाले? मुलाला काहीच माहीत नव्हते. त्याच्या बैठकीत तर आवाज हळूच होता.

टेप आणि आरसा घेऊन आम्ही गेलो तेव्हा सबवूफर सामायिक भिंतीच्या कोपऱ्यात होता, भिंतीला चिकटून. तो रस्त्याकडच्या भिंतीशी नेला, खाली रबर दिले, मधला स्पीकर अम्मींच्या तख्तपोशाकडे वळवला. अम्मींना बातम्या पूर्वीपेक्षा कमी आवाजात समजू लागल्या. मग अम्मी स्वतः शेजारी गेल्या. म्हणाल्या, बेटा, तुमच्या खोलीत बसून ऐकायचे आहे, इजाजत आहे का? भाभींनी पलंगावर जागा करून दिली, चहा टाकला. इकडे मुलाने नेहमीचा आवाज लावला. बोलणे मुळीच येत नव्हते. पण भांड्यांच्या रॅकमधले दोन पेले एकमेकांना लागून बारीक वाजत होते. भाभी म्हणाल्या, हाच तो आवाज, सहा महिने आम्ही पाण्याची मोटर समजत होतो. अम्मींनी भिंतीवर हाताने थाप दिली. पलीकडे मुलाने सबवूफर एक घर खाली आणला, मग आणखी एक. तिसऱ्या थापेला पेले थांबले. मुलाने त्या नॉबवर पेनाने खूण करून ठेवली.